वलगणीच्या माशांची वाट व मत्स्यसोपान

मृगाच्या सरी पडून ओहोळ वाहू लागले की उल्हास, काळू व भातसा ह्या नद्यांतील मासे प्रवाहाच्या उलट चढून भातखाचरांत शिरतात, हे कल्याण-शहापूरकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको. ही वलगण होय. उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालणे हा तिचा हेतू. गाभोळीने भरलेली मादी नेमकी ह्याच वेळी पागात सापडते, आणि एका रात्रीची चैन पुढील वर्षाच्या हजारो पिलांच्या किमतीस पडते.

तथापि सर्व दोष पागाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. १९७२ साली बारवी धरण झाले. उल्हासवर बदलापूर व मोहने येथे पाणी उपसण्यासाठी बंधारे आहेत. पाणी अडले, तशी वाटही अडली. कावेरीवर १९३४ साली मेत्तूरचे धरण पुरे झाले, तेव्हा समुद्रातून वर चढणाऱ्या पाला माशाची ये-जा अशीच खुंटली.

ह्यावर उपाय म्हणजे मत्स्यसोपान. बंधाऱ्याच्या कडेने एकावर एक अशी टाकी बांधून त्यांतून पाणी बेताने सोडतात. मासा एकेक पायरी चढतो व टाक्यात विसावतो. पाश्चात्य देशांतील पुष्कळ सोपान सामन ह्या उडी मारणाऱ्या माशासाठी रचलेले आहेत. आपल्या ओढ्यांतील लहान माशांस ती उडी साधत नाही. त्यांस दगड मांडून केलेला लांब, मंद उतारच बरा. अहीर समुद्रात अंडी घालतो, व त्याची पिले ओल्या, खडबडीत पृष्ठावरून सरपटत वर येतात. त्यांस तेवढा ओलावाही पुरतो.

सोपानाचे तोंड बंधाऱ्याच्या पायथ्याशी, मासा अडून घुटमळतो तेथेच हवे. जुना सोपान निकामी होतो तो बहुधा दोन कारणांनी: टाक्यांत गाळ भरतो, किंवा खालचे पात्र धुपून शेवटची पायरी अधांतरी राहते. पहिल्यास वैशाखातील साफसफाई पुरे. दुसऱ्यास खाली पायऱ्या वाढवाव्या लागतात.

मोठ्या बंधाऱ्याचे काम सरकारचे; खाचराचा बांध मात्र आपला. मोरीतून पाणी उंचावरून पडत असल्यास खाली दगड रचून चढण करावी. ओहोळाची सबंध रुंदी सापळ्याने अडवू नये, निदान अर्धी वाट मोकळी सोडावी. खाचरात पिले असताना साचल्या पाण्यावर कीटकनाशक फवारू नये. आश्विनात खाचर सुकू लागण्यापूर्वी ओहोळापर्यंत एक चर खणून द्यावा, म्हणजे पिले नदीस परत जातील.