धामणीचे धनुष्य

आपल्या धाटावची आज बाहेरगावी जी ओळख आहे, ती येथील रासायनिक कारखान्यांमुळे. रोह्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस प्रथम धुराडी पडतात. परंतु या धुराड्यांपलीकडे डोंगर आहेत, डोंगरांच्या आसऱ्याने कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून त्यांस कातकरी हे नाव पडले. कात काढणे ही जशी त्यांची विद्या, तशीच धनुष्य घडविणे हीही होती. जी विद्या छापील पुस्तकात नाही ती विद्याच नव्हे, असा समज शिकलेल्या माणसाच्या मनात नकळत रुजतो. तो समज किती पोकळ आहे, हे एका धनुष्याच्या उदाहरणाने दाखवावे असा आमचा हेतू आहे.

धनुष्य हे मनुष्याच्या अतिप्राचीन साधनांपैकी एक होय. डेन्मार्क देशातील होल्मेगार्ड येथील दलदलीत १९४४ साली एल्म वृक्षाच्या लाकडाचे धनुष्य सापडले. ते सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. आपल्या देशात भीमबेटकाच्या गुहांतील चित्रांत धनुर्धारी माणसे रंगविलेली आहेत. कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले. त्या ग्रंथात ताडाचे, वेळूचे, कठीण लाकडाचे आणि शिंगाचे असे धनुष्याचे चार प्रकार दिले आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू आदी पदार्थ सांगितले असून त्यांत वेळूचेही नाव आहे. वेळूची दोरी कशी होईल, असा प्रश्न पुस्तकी पंडितास पडेल. सातपुड्यातील भिल्लास तो पडणार नाही. कारण वेळूच्या कांबीचे धनुष्य आणि वेळूच्याच चिवट सालपट्टीची दोरी ही त्याच्या घरची जुनी रीत आहे. ग्रंथातील गोष्ट अशी रानात जिवंत राहिली.

आता लाकडाची निवड पाहू. धामण म्हटले की मुलांस साप आठवेल. परंतु सह्याद्रीच्या रानात धामण नावाचा वृक्षही आहे. संस्कृतात त्यास धनुर्वृक्ष असे नाव आहे, आणि ते सार्थ आहे. त्याचे लाकूड चिवट व लवचीक असते. म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्यास व कावडीच्या काठीस ते पसंत करतात. जे लाकूड भार आला असता वाकते आणि भार उतरताच पूर्ववत सरळ होते, तेच धनुष्यास योग्य. ठिसूळ लाकूड मोडते, आणि मऊ लाकूड वाकले की वाकलेलेच राहते.

लाकूड वाकते म्हणजे त्याच्या आत काय घडते? हे समजण्यास एक सोपा प्रयोग करावा. जाड खोडरबराच्या कडेवर शाईने जवळजवळ उभ्या समांतर रेघा ओढाव्या आणि मग ते वाकवावे. बाहेरच्या अंगास रेघा एकमेकींपासून दूर जातील, आतल्या अंगास जवळ येतील, आणि मध्यभागी त्यांचे अंतर जवळजवळ तेवढेच राहील. धनुष्याचेही असेच आहे. धनुर्धाऱ्याच्या समोरील, म्हणजे लक्ष्याकडील अंगास आपण पाठ म्हणू व त्याच्याकडील अंगास पोट म्हणू. दोरी ओढली म्हणजे पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. ताणलेल्या पाठीवरचा एक तंतू जरी तुटला, तरी तेथून चीर पडते व ती पुढे धावते. कारागीर पाठीस एवढा जपतो, त्याचे कारण हेच.

धनुष्य घडविण्याचा क्रम असा. प्रथम सुमारे पुरुषभर उंचीचा, सरळ, गाठी नसलेला व पीळ न पडलेला सोट निवडावा. तो पावसाळा सरून रान वाळल्यावर तोडलेला असावा. सरकारी वनातील झाडास परवानगीवाचून हात लावू नये, हे सांगणे नलगे. सोट करवतीने न चिरता पाचर ठोकून फोडावा. करवत सरळ जाते, मग तंतू कोणत्याही दिशेस असोत. पाचर मात्र तंतूंच्या वाटेनेच जाते. फोडलेल्या कांबीच्या दोन्ही टोकांस लाख किंवा मेण लावून ती सावलीत कित्येक महिने वाळू द्यावी. टोके उघडी राहिली तर ती आधी सुकतात आणि तडकतात. उन्हात घाईने वाळविलेले लाकूडही फाटते.

वाळल्यावर साल हलक्या हाताने काढावी. तिच्याखालील लाकडास कोयत्याची धार लागू देऊ नये. तो भाग धनुष्याची पाठ होय. वेळूची कांब घेतली असेल, तर तिची बाहेरची गुळगुळीत बाजू जपावी; कारण वेळूचे बळकट तंतू बाहेरच्या अंगास दाट असतात. मधोमध चार बोटे जागा मुठीसाठी जाड ठेवावी, आणि मुठीपासून दोन्ही टोकांकडे दोन्ही बाहू क्रमाने निमुळते करीत न्यावे. तासावयाचे ते पोटाच्या बाजूने व दोन्ही कडांनी. आरंभी कोयता, मग कानस, आणि अखेरीस फुटक्या काचेची धार, असा हत्यारांचा क्रम असावा.

येथे गणिताचा विद्यार्थी उपयोगी पडतो. कांबीची रुंदी दहा भागांची नऊ भाग केली, तर तिचा ताठपणा एकदशांशाने कमी होतो. परंतु जाडी दहाची नऊ केली, तर ताठपणा घनाच्या प्रमाणात घटतो. दहाचा घन १००० व नऊचा घन ७२९. म्हणजे एकदशांश जाडी काढताच पाव हिश्शाहून अधिक बळ गेले! जुन्या कारागिरास घनमूळ ठाऊक नव्हते, पण शेवटी शेवटी एकेक छिलका काढून थांबावे, हे त्याच्या हातास पक्के ठाऊक होते. आपण जे फळ्यावर शिकतो, ते त्याने बोटांनी शिकलेले असते.

यानंतरचे काम सर्वांत अवघड. टोकांस खाचा पाडून सैल दोरी बांधावी, मूठ भिंतीतील खुंटीवर टेकवावी आणि दोरी हळूहळू खाली ओढून दुरून पाहावे. दोन्ही बाहू सारखे वाकतात काय? एखाद्या ठिकाणी वाक अधिक दिसला, तर ती जागा दुबळी समजावी. नवशिका तेथेच हत्यार चालवितो आणि धनुष्य घालवितो. दुबळ्या जागेस स्पर्शही करू नये. जो भाग ताठ राहून भार घेत नाही, त्यावर कोळशाची खूण करून तेथूनच लाकूड काढावे, म्हणजे तो भाग आपला वाटा उचलू लागतो. दर वेळी थोडे तासून, पुष्कळ वेळा हळू वाकवून पुन्हा पाहावे. घाई करणाऱ्याचे धनुष्य येथेच मोडते. काढलेले लाकूड पुन्हा चिकटविता येत नाही, ही गोष्ट पदोपदी ध्यानात ठेवावी.

तयार धनुष्यास जवसाचे तेल चोळावे, म्हणजे कोकणच्या दमट हवेचा परिणाम कमी होतो. ओलावा शिरलेले लाकूड आपला ताठपणा गमावते. काम नसताना चिल्ला उतरवून ठेवावा. बाणावाचून ओढलेली दोरी कधी सोडू नये; कारण जी शक्ती बाणाबरोबर जावयाची, ती धनुष्यातच राहून त्यास मोडते. आणि हे काम जाणत्या वडीलमाणसाच्या देखरेखीवाचून कोणी मुलाने करू नये. माणसाकडे वा प्राण्याकडे बाण रोखू नये.

पूर्वी या धनुष्याने शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली; त्या कायद्यात धनुष्यबाणाचीही गणना शस्त्रांत आहे. आपल्या शेजारचे फणसाडचे अरण्य १९८६ पासून अभयारण्य आहे. हे योग्यच झाले. रानातील जीव राहिले पाहिजेत. परंतु शिकार थांबली तशी धनुष्य करण्याची गरजही संपली, आणि गरज संपली की हाताची विद्या एका पिढीत नाहीशी होते. शिकार जावी, पण तिच्याबरोबर लाकडाची पारख, तंतूंचे ज्ञान आणि धीर धरण्याची सवय जाऊ नये.

या विद्येस आज दुसरे क्षेत्र मोकळे आहे. राजस्थानातील आदिवासी कुटुंबात जन्मलेले लिंबाराम लहानपणी वेळूच्या धनुष्याने नेम धरावयास शिकले आणि पुढे १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत भारतातर्फे उतरले. २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी धनुर्विद्येत जगज्जेतेपद मिळविले. त्यांच्या धनुष्यांस चाके होती आणि ती लाकडाची नव्हती. तथापि वाकलेल्या बाहूत शक्ती साठते व ती बाणास मिळते, हा नियम तोच.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्या मुलांच्या घरी आजोबांस हे काम येत असेल, त्यांनी सुटीत आजोबांजवळ बसावे, कांब कशी निवडतात ते विचारावे, आणि धनुष्याच्या प्रत्येक भागास त्यांच्या बोलीत जो शब्द असेल तो वहीत उतरवून घ्यावा. या कामाची लाज बाळगू नये. इतर मुलांनी ती वही आदराने वाचावी. पालकांसही विनंती की, आपला मुलगा वाडीवरच्या वृद्धाकडून काही शिकून आला, तर त्याचा वेळ वाया गेला असे म्हणू नये. त्या वृद्धाने शाळा पाहिली नसेल. पण आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील एक संपूर्ण प्रकरण त्याच्या हातांत आहे, आणि ते हात थकत चालले आहेत.