तीन काळे दगड

महाराष्ट्रातून बदलीवर चेन्नईला आलेल्या आणि वेस्ट मांबलममध्ये बिऱ्हाड केलेल्या मराठी घरात व घराच्या आसपास तीन काळे दगड सहज सापडू शकतात. गावाहून आणलेला पाटा-वरवंटा, स्वयंपाकघरातली कडप्पाची फरशी आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर रस्त्याकडेला पडलेली निळसर काळी खडी. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित हे खडकांचे तीन प्रकार आपल्याला तोंडपाठ असतात. पण खडकाचा तुकडा हातात दिला की बहुतेक जण रंगावरून उत्तर देतात आणि तिथेच फसतात. हे तीनही दगड काळे आहेत, जन्म मात्र तिघांचे अगदी वेगळे.

म्हणून पहिला नियम असा की, दगडाचा बाहेरचा पृष्ठभाग पाहून मत बनवू नये. ऊन-पावसाने तो बदललेला असतो. ताजी फुटलेली बाजू शोधावी, ती थोडी ओली करावी आणि भिंगातून कण पाहावेत. कण दिसतात का, केवढे आहेत, एकमेकांत गुंतलेले आहेत की थरांनी बसलेले आहेत, हे प्रश्न रंगाच्या आधी येतात. मग पोलादी चाकूचे टोक दगडावर ओढून पाहावे. चाकूने दगडावर चरा पडला तर दगड मऊ. दगडावर चाकूचीच चकाकती रेघ उमटली तर दगड पोलादाहून कठीण. (चाकू घरातला असेल तर आधी आईला विचारावे.)

आता पाटा घ्या. महाराष्ट्रातला पाटा बहुधा बेसॉल्टचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, पुन्हा पुन्हा वाहिला, आणि उघड्यावर आल्यामुळे लवकर निवला. स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. म्हणून बेसॉल्टचे कण नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. कधी त्यात बारीक पोकळ्या असतात. त्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा. एकावर एक पसरलेल्या या थरांमुळेच सह्याद्रीला सपाट माथे आणि उभे कडे मिळाले. राजगड, रायगड यांचा नैसर्गिक तट म्हणजे हेच थर.

कडप्पाची गोष्ट सोपी आहे. आंध्रातल्या ज्या भागावरून त्याला नाव पडले, तिथे प्राचीन समुद्राच्या तळाशी चुनखडीचा बारीक गाळ साचला आणि दबून घट्ट झाला. थरांनी साचला म्हणून तो थरांनीच सुटतो आणि फरशी मिळते. चाकूने त्यावर चरा पडतो. लिंबाचा रस सांडून राहिला तर डाग पडतो, कारण आम्ल चुनखडीला खाते. घराघरातल्या आयांना हा रसायनशास्त्राचा प्रयोग पुस्तकाशिवाय माहीत आहे.

खरा फसवणारा दगड तिसरा, ती खडी. मांबलमची जमीन सपाट, मातीची, तिथे उघडा खडक दिसत नाही. पण लोकलने दक्षिणेकडे निघालात की सैदापेट, गिंडी आणि तिसरे स्टेशन सेंट थॉमस माउंट. तमिळमध्ये ही टेकडी परंगीमलै. आपली ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी याच परिसरात आहे. टेकडीचा खडक पहिल्या नजरेत बेसॉल्टच वाटतो. ताजी बाजू पाहा. कण स्पष्ट दिसतात, त्यांवर तेलकट चमक असते आणि गारेचे कणही निळसर, धुरकट. चाकू हरतो. लाव्ह्यातून लवकर निवलेल्या दगडात एवढे कण वाढणे शक्य नाही.

हा चार्नोकाइट. जमिनीखाली वीस किलोमीटरहून अधिक खोलीवर, सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत, पाण्याचा अंश फार कमी असताना तो घडला. पाणी कमी म्हणून अभ्रकाच्या जागी हायपर्स्थीन हे खनिज तयार झाले आणि तीच या खडकाची ओळख. वय सुमारे 250 कोटी वर्षे. म्हणजे आपला सह्याद्री त्याच्यापुढे कालचे पोर. वरचे किलोमीटरच्या किलोमीटर खडक झिजून गेले, तेव्हा कुठे तो उघडा पडला.

त्याचे नाव मात्र एका थडग्यावरून आले. इंग्रज व्यापारी जॉब चार्नोक याच्या कोलकात्यातल्या समाधीचा दगड याच जातीचा आहे. भूवैज्ञानिक थॉमस हॉलंड यांनी 1893 मध्ये त्यावरून खडकाला नाव दिले. हॉलंड यांच्या मते तो अग्निजन्य. पुढे अनेकांनी तो रूपांतरित ठरवला. आज काही चार्नोकाइट शिलारसातून थेट घडलेले आणि काही जुन्या खडकाचे रूपांतर होऊन बनलेले मानले जातात. परीक्षेत एकच रकाना भरायचा असतो, हे ठीक. निसर्गावर ते बंधन नाही.

दगड ओळखण्याची गरज शाळेपुरती नाही. तमिळनाडूतला जिंजीचा किल्ला पाहा. तिथे ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत, पण सह्याद्रीसारखे थरांचे कडे नाहीत, तर एकमेकांवर रचल्यासारखे प्रचंड गोल धोंडे आहेत. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये तो घेतला आणि राजाराम महाराजांनी तिथूनच 1690 ते 1698 या काळात मोगलांचा वेढा झुंजवला. तटबंदी कुठे वळवायची आणि कुठे धोंडाच भिंत म्हणून वापरायचा, हे तिथल्या बांधणाऱ्यांनी खडक पाहूनच ठरवले आहे.

त्याहून जुना दाखला मांबलमपासून आणखी जवळ आहे. पल्लावरमच्या परेड ग्राउंडजवळ 30 मे 1863 रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला जांभ्याच्या खडीत दगडाचे एक हत्यार सापडले. भारतात ओळखले गेलेले पुराश्मयुगाचे ते पहिले हत्यार. आजूबाजूला चार्नोकाइटच्या टेकड्या असताना ते होते क्वार्टझाइटचे, म्हणजे वाळूचा खडक रूपांतरित होऊन बनलेल्या दगडाचे. चार्नोकाइट कणांवरून खडबडीत फुटतो. क्वार्टझाइटचा घाव घालून कपचा काढला की धार मिळते. हत्यार करणाऱ्याला यांतले एकही नाव ठाऊक नव्हते, फुटलेली बाजू मात्र त्याने नीट पाहिली होती.

सुटीत सेंट थॉमस माउंटला जाल तर भिंग न्या, हातोडी नको. तिथला चार्नोकाइट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे आणि आसपास छावणीचा भाग आहे. फोडून पाहायचेच असेल तर बांधकामावरच्या मुकादमाला विचारून खडीचे दोन तुकडे घरी आणा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि पाट्याशेजारी ठेवून ताजी बाजू ताज्या बाजूशी ताडून पाहा.