लाइन चालू आहे तोवर बोलून घे

तळेगाव दाभाडे

चि. बाळ,


तुमच्या प्लांटला गाडीचं पुढचं मॉडेल मिळणार नाही आणि कमिटीने तुला सेक्रेटरी केलं, या दोन्ही बातम्या ताईने एकाच फोनवर सांगितल्या. गेटवर बसायचं की कोर्टात जायचं, असं तू विचारलं आहेस. त्याआधी एक हिशेब मांड: कंपनीला अजून तुमच्या हातून काय हवंय? शिल्लक ऑर्डर, निर्यातीचा माल, स्पेअर पार्ट? ते हवंय तोवरच तुमच्या शब्दाला वजन आहे.

आमच्या गावचंच बघ. जनरल मोटर्सने 2008 मध्ये इथे कारखाना सुरू केला. वर्षाला 1.3 लाख गाड्यांची क्षमता होती. 2017 अखेर कंपनीने देशातली विक्री थांबवली, तरी निर्यातीवर लाइन चालू राहिली. जानेवारी 2020 मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी विक्रीचं ठरलं. पण पुढे सीमेवर तणाव वाढला, चिनी गुंतवणुकीचे नियम कडक झाले आणि मंजुरी काही मिळाली नाही. डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं, 2022 मध्ये तो व्यवहार बारगळला. 2023 मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. माणसं त्या यादीत नव्हती. युनियनने लेबर ऑफिस, कोर्ट, उपोषण असं सगळं केलं. पण तोवर लाइन थंड पडून वर्षं लोटली होती.

गुजरातमधल्या साणंदला उलट झालं. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मे 2022 मध्ये फोर्ड, टाटा आणि गुजरात सरकार यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि ऑगस्टमधल्या 725.7 कोटींच्या खरेदी करारात जमीन-यंत्रांबरोबर पात्र कामगारांना सामावून घेणंही लिहिलं गेलं. त्याच कंपनीच्या चेन्नईच्या कारखान्याला असं गिऱ्हाईक मिळालं नाही. पण तिथे निर्यातीच्या गाड्या पुऱ्या करायच्या होत्या, तेव्हाच कामगारांनी काम रोखून धरलं. शेवटी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे सरासरी सुमारे 130 दिवसांच्या पगारावर तडजोड झाली. कायद्याची भरपाई वर्षाला 15 दिवसांची. मधला फरक त्यांनी वेळ साधून मिळवला.

म्हणून तुझी पहिली मागणी पैशाची नसावी. कारखाना कोणीही घेवो, सेवा अखंड धरायची आणि पगार-सवलती आहेत त्यापेक्षा कमी करायच्या नाहीत, हे विक्रीच्या करारातच लिहून मागा. मालक बदलला तर कायदाही याच अटी पाहतो. त्या पाळल्या नाहीत तर भरपाई द्यावी लागते. पण आपण आस्थापना नव्हे, नुसती मालमत्ता विकतोय, असा पवित्रा कंपन्या घेतात. त्यामुळे कायद्यावर विसंबून राहू नका.

सरकारकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमचा भूखंड एमआयडीसीचा, भाडेपट्ट्यावरचा आहे. तो दुसऱ्याच्या नावावर करायला एमआयडीसीची संमती लागते. मंत्र्यांना भेटाल तेव्हा नुसतं ‘न्याय द्या’ म्हणू नका. ‘कामगारांचं ठरल्याशिवाय हस्तांतराची संमती देऊ नका’ असं नेमकं मागा.

आता व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं. त्यासाठी आधी बंदीचा नियम समजून घे. मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. कंपनीला 90 दिवस आधी अर्ज करावा लागतो आणि सरकार 60 दिवस गप्प राहिलं तर परवानगी मिळाली असं धरतात. पूर्वी 100 कामगारांच्या कारखान्याला हे लागू होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा 300 झाली. मोजणी मागच्या 12 महिन्यांच्या रोजच्या सरासरीवर होते. म्हणजे आज व्हीआरएसचा फॉर्म भरून निघालेला प्रत्येक जण उरलेल्यांचं संरक्षण थोडं पातळ करतो. कर्ज असलेल्याला, आजारी माणूस घरात असलेल्याला अडवू नकोस, त्याला गद्दारही म्हणू नकोस. मात्र आकडा सगळ्यांसमोर मांड. दर महिन्याची हजेरी, वेतनपत्रकं आणि कराराच्या प्रती गेटबाहेर सुरक्षित ठेव.

कंत्राटी पोरांना विसरू नकोस. त्यांना पहिल्यांदा काढतात आणि कागदावर त्यांचा मालक वेगळाच असतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते, हे त्यांना सांग. मागणीपत्रात त्यांची वेगळी ओळ हवी. तुम्ही त्यांना वगळलंत, तर उद्या त्यांच्याच हातून लाइन चालवून तुमचा बंद मोडला जाईल.

कंपनी वाचेलच, असं मी लिहीत नाही. गाडी खपत नसेल तर मोर्च्याने ती खपत नाही. पण कारखाना बंद कसा व्हायचा, कोणाच्या पैशाने व्हायचा आणि पुढच्या मालकाच्या मस्टरवर कोणाची नावं चढायची, यावर तुमचा हक्क सांगता येतो. गेट मीटिंगमध्ये जे खात्रीचं नाही ते बोलू नकोस. टाळ्या मिळतील, पण पुढच्या वेळी लोक ऐकणार नाहीत.

तेव्हा कोर्टाची तयारी वकिलाकडे दे आणि गेटवर बसण्याचा निर्णय हाताशी राखून ठेव. या आठवड्यात कमिटीच्या सह्यांनी कंपनीला पत्र द्या आणि तीन गोष्टी लेखी विचारा: हातातल्या ऑर्डर कधीपर्यंतच्या, खरेदीदाराशी बोलणी चालू आहेत का, आणि त्या बोलण्यांत कामगारांचा विषय आहे का. प्रत कामगार आयुक्तांना द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर तेही पुढे पुरावा म्हणून कामाला येईल.

तुझा,
मामा