कर्नेलच्या चांचण्या व त्यांचे आधार

संगणकाच्या कारभाराचा मुख्य गाभा म्हणजे कर्नेल. १९९१ सालीं निघालेला लिनक्स हा त्यांपैकींच एक. त्याची बांधणी करितांना कोणते भाग घ्यावयाचे तें आधीं नोंदवितात. कांहीं भाग गाभ्यांतच बसवितात. कांहीं मॉड्यूल म्हणून अलग ठेवून गरजेप्रमाणें जोडतात. या भागांची चांचणी घेणारें केयुनिट नामक साधन २०२० सालच्या ५.५ आवृत्तींत आलें.

एक्स्टफोर ही फाइली सांठविण्याची पद्धति घ्या. सन १९०१ ते २४४६ या मर्यादांतील वेळा ती बरोबर वाचते कीं नाहीं, हें तिची एक चांचणी पाहते. पूर्वीं त्या चांचणीच्या नोंदींत 'सिलेक्ट' हा शब्द होता. त्यामुळें 'सर्व चांचण्या घ्या' एवढेंच म्हणणाऱ्याच्या कर्नेलांत न मागितलेली सबंध एक्स्टफोर येऊन बसे! सिलेक्ट मोठा हट्टी. आणलेल्या भागाच्या स्वतःच्या गरजा भागल्या कीं नाहींत, हेंही तो पाहत नाहीं. २०२१ सालीं तेथें 'डिपेंड्स ऑन' आलें : एक्स्टफोर असेल तरच चांचणी. परीक्षकानें हजर विद्यार्थ्यांचीच परीक्षा घ्यावी, नवे भरती करूं नयेत. म्हणून हा बदल आम्हांस योग्य वाटतो.

मॉड्यूलांची अडचण निराळी. मागाहून जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलांतील क्रियेचा आधार गाभ्यांत बसविलेल्या चांचणीस घेतां येत नाहीं. यास्तव केयुनिट किंवा एक्स्टफोर यांपैकीं एक जरी मॉड्यूल असेल, तर चांचणीसही मॉड्यूलच व्हावें लागतें; आणि ती जोडतेवेळीं चालते.