घरे बदलली, मग वारसा कशाचा?

प्रश्न : बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची कौलारू घरे बघायला गेलो, तर अनेक ठिकाणी स्लॅबचे बंगले दिसले. मूळ घरेच उरली नसतील, तर जतन करायचे ते काय?

उत्तर : तुमचा हिरमोड झाला असणार. पण इथली घरे बदलावीत, अशीच मुळात योजना होती.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ही वसाहत 1983 ते 1986 या काळात उभी राहिली. जागा सुमारे 6 हेक्टर, घरे साडेपाचशेच्या आसपास, आणि तरीही उंच इमारत एकही नाही. श्रीमंत-गरिबांच्या भूखंडांत फार तफावत नको, हा कोरियांचा आग्रह. म्हणून ते 45 ते 75 चौरस मीटरच्या दरम्यानच ठेवले. दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही. त्यामुळे हातात चार पैसे आले, की शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता खोली वाढवता येई. बांधणीही इतकी साधी, की नेहमीचा गवंडी ते काम करू शके. या मोकळिकीतूनच पुढे स्लॅब आले. कौले गेली याचे मलाही वाईट वाटते, पण त्यासाठी रहिवाशांना दोष देणे अन्यायाचे होईल.

मग कोरियांनी कायमचे असे काय आखले? मोकळी जागा. सात घरांच्या मध्ये 8 मीटर लांब-रुंद अंगण. अशी तीन अंगणे मिळून 21 घरांचा गट, त्याच्या मध्ये 12 मीटरचा चौक. अशा तीन गटांमध्ये त्याहून मोठा चौक. दारातून अंगणात, अंगणातून चौकात, अशी ओळख हळूहळू वाढत जाते. लहान मूल घरातून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर खेळते. टॉवरच्या सोसायटीत हे सुख मिळत नाही. या वसाहतीचा खरा वारसा ही अंगणे आहेत. ती मोडतात ती मात्र नकळत : आधी एक गाडी उभी राहते, मग कुंपण येते, मग पत्र्याची शेड.

बांधकाम बदलले तरी चालेल, हा न्याय जवळच्याच बेलापूर किल्ल्याला मात्र लावू नका. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि 1817 मध्ये इंग्रज, असे धनी बदललेल्या त्या किल्ल्याचे उरलेले दगड हाच त्याचा पुरावा आहे. तिथे डागडुजी करावी ती आधार देण्यापुरती. नवा साज चढवला, की जुने कोणते आणि कालचे कोणते, हे सांगता येणार नाही.

पुन्हा आर्टिस्ट व्हिलेजला गेलात, तर घरांआधी अंगणे पाहा. ती लोकांची दारे आहेत, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा. आणि तिथे राहणाऱ्या वाचकांना विनंती : घर हवे तसे बांधा, पण अंगणातली एक वीतही आत घेऊ नका.