मान माझी, टक्के सरांचे

मी व्यायाम करत नव्हते म्हणून माझी मान गेली, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या जागी बसून वरच्या शेवटच्या दाढेचं रूट कॅनाल करून दाखवावं. सूर्यनमस्कार मी शाळेत असल्यापासून घालते. मान गेली ती स्टुलामुळे, दोन चेअरमध्ये वाटून दिलेल्या मदतनीस मावशींमुळे, आणि या दोन्हींवर पैसा घालायची इच्छा नसलेल्या क्लिनिकमालक सरांमुळे.

ठाण्यातल्या एका क्लिनिकमध्ये मी टक्क्यावर काम करायचे. नाव लिहीत नाही, तशी क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत. सरांची चेअर आत, नवी कोरी. आमची बाहेर. तिच्या स्टुलाचा गॅस गेलेला, त्यामुळे बसलं की सीट हळूहळू खाली जायची आणि पेशंटचं तोंड माझ्या कोपराच्या वर यायचं. मग खांदे उचलूनच काम. सरांनी हाक मारली की मावशी आत. माझ्या एका हातात आरसा आणि सक्शन, दुसऱ्यात हँडपीस, आणि ट्रे पाठीमागे, म्हणजे प्रत्येक वेळी कमरेतून पिळवटून वळायचं. सक्शन रुसलं की पेशंट चूळ भरायला उठणार आणि परत झोपताना डोकं हेडरेस्टच्या टोकापर्यंत कधीच नेणार नाही.

स्टुलाबद्दल मी तोंडी सांगितलं, मेसेज केला, मेकॅनिकचा नंबरही दिला. ‘बघू’ हे उत्तर तेवढं वेळेवर यायचं.

अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत होत्या. मनगटाची नस असेल म्हणून एका डॉक्टरांनी पट्टा दिला. खरं काय ते एका खालच्या दाढेवर काम करताना कळलं. रूट कॅनाल निम्म्याहून अधिक बोटांवर चालतं. १५ नंबरची फाईल कुठे अडली, कुठून सुटली, हे डोळ्यांना दिसत नाही. शेवटी गटापर्चाची काडी बसवून ओढली की ती किंचित धरते. ती पकड आली की आपण निश्चिंत होतो. त्या दिवशी काडी ओढली आणि मला काहीच कळलं नाही. धरतेय की सैल आहे? बोटांच्या टोकांना कापूस गुंडाळल्यासारखं झालेलं. परत बसवली, परत ओढली. तेच. पेशंट तोंड उघडून शांत पडलेला, आणि मी आरशात बघायचं सोडून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. तात्पुरतं सिमेंट भरून मी दाढ बंद केली.

सरांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, आधी पेशंट संपव, मग बघू. आमच्या काळात आम्ही उभ्याने प्रॅक्टिस केली, आम्हाला कुठे काय झालं?” हे बोलताना त्यांच्या शर्टाखालून कमरेचा पट्टा दिसत होता. नंतर काढलेल्या एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आलेली दिसली. मी सरांना रिपोर्ट पाठवला आणि रजा घेतली. उत्तरादाखल क्लिनिकच्या ग्रुपवर योगासनांचा व्हिडिओ आला. माझी रजा संपायच्या आत त्या चेअरवर नुकतीच इंटर्नशिप संपवलेली मुलगी बसली होती.

नव्या मुलामुलींसाठी म्हणून लिहिते. कुठेही हो म्हणण्याआधी स्टुलावर दहा मिनिटं बसून बघा. गुडघ्यांपेक्षा कंबर जरा वर, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या उंचीला. हे जमत नसेल तर स्वतःचं स्टूल घेऊन जा, लोक हसले तर हसू देत. वरच्या दातांना पेशंट पूर्ण आडवा आणि हनुवटी वर, खालच्या दातांना पाठ थोडी उचलून हनुवटी खाली. पेशंटला दोनदा सरकायला सांगायला लाजू नका. नऊच्या जागेवरच ठाण मांडू नका. वरच्या दाढा बाराच्या जागेवरून आरशात दिसतात, मान न वाकवता.

लूप्स घ्यायचे तर नजर खाली वळवण्याचा कोन आपल्या बसण्यावर मोजून घ्या. मान पुढे २० अंशांपलीकडे जायला नको. मैत्रिणीचे स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले लूप्स मान आणखी वाकवतात. स्केलर बोथट झाला की बोटं जास्त दाबतात, म्हणून धार लावत राहा. मूठ जाड आणि वजनाला हलकी बघा. पाणी प्या, झोप पूर्ण घ्या, हे सगळे सांगतातच.

मुंग्यांनी रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बहुतेक वेळा मनगट. मान मागे नेऊन त्या बाजूला वळवल्यावर वाढत असतील आणि हात डोक्यावर ठेवल्यावर कमी होत असतील, तर मानेची तपासणी मागून घ्या. पट्ट्यावर माझे कितीतरी आठवडे फुकट गेले.

टक्क्यावरच्या डॉक्टरला पगारी रजा नसते. आणि टक्के कॅप बसल्यावर देण्याची पद्धत असेल, तर काम मध्येच सुटलं की काहीच मिळत नाही. म्हणून पैसे प्रत्येक बैठकीला, हे लेखी घ्या. माझ्या अर्धवट राहिलेल्या दाढांवर त्या मुलीने कॅप बसवल्या. त्यांतले माझे पैसे अजून आलेले नाहीत.