'लेट' म्हणजे जाऊ दे की अडव?

आपल्यापैकी बरेच जण भारतीय पासपोर्ट घेऊन इस्राएलला आले. धारकाला 'विदाउट लेट' जाऊ द्यावे, अशी त्यात विनंती असते. मी चक्रावलो. शाळेत 'लेट' म्हणजे परवानगी देणे असे घोकलेले; मग 'परवानगीशिवाय जाऊ द्या' असे सरकार कसे म्हणेल? सोबतच्या हिंदी मजकुरातील 'बिना रोक-टोक' वाचून उलगडा झाला.

जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती: 'लॅटन' म्हणजे सोडणे, होऊ देणे आणि 'लेट्टन' म्हणजे अडवणे. झिजून दोन्हींचे 'लेट' झाले. उशीर सांगणारा, लांब उच्चाराचा 'लेट' हा या दुसऱ्याचा नातलग. अडवले की उशीर होणारच!

1611 च्या इंग्रजी बायबलात शेमोथचा पाचवा अध्याय काढून पाहा. पहिल्या वचनात, माझ्या लोकांना जाऊ दे, अशी फारोकडे मागणी आहे, तेथे 'लेट'. चौथ्या वचनात फारो मोशे व अहरोन यांना विचारतो, लोकांना कामापासून का अडवता? तेथेही 'लेट'च! हिब्रूत हा घोटाळा नाही. पहिल्या ठिकाणी 'शलाह' आहे, दुसऱ्या ठिकाणी येथे आपण रोज ऐकतो तेच 'लेहाफ्रिया', म्हणजे व्यत्यय आणणे.

आज बोलण्यात पहिलाच अर्थ उरला आहे. घरावरची 'टू लेट' ही पाटी त्यातलीच. मात्र 'लेट हिम गो' म्हणावे, 'लेट हिम टू गो' नव्हे. ही चूक माझे विद्यार्थी हमखास करीत. अडवणारा 'लेट' कायद्याच्या भाषेत आणि टेनिसमध्ये टिकला. सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून चौकटीत पडला की 'लेट' पुकारतात. पुष्कळ जण त्याला 'नेट' समजतात.